चाव्या मिळाल्याची पावती

नागपूर, ९ जून २०२५

दामिनी,

"माझे बाबा किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचे. मग तुझ्या कागदावर त्यांनी न वाचता सही कशी केली?" तुझ्या आईजवळ, रंभाकाकूंजवळ, तू माझ्यासाठी एवढाच निरोप ठेवलास आणि बाबांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी खापरखेड्याला निघून गेलीस. या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. सात दिवस झाले, रोज प्रयत्न करते आहे.

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून हे पत्र. तुमच्या क्वार्टरचा पत्ता काकूंनी दिला. देताना म्हणाल्या, "लिही. दामिनी वाचन की नाई, ते मले नको विचारू."

जेवढं सांगता येतं तेवढं सांगते. तू लग्न होऊन गेल्यानंतरचं बरंचसं तुला माहीत नसेल.

मी ज्या हरितपथ प्रतिष्ठानात काम करते, त्या संस्थेने शहरात बारा गल्ल्या गाड्यांना बंद करायचं काम घेतलं आहे. गल्लीत फक्त पायी आणि सायकलने जायचं, तोंडाशी ई-रिक्षाचा थांबा, तिथून मेट्रोपर्यंत जोडणी. यादीत आपली गल्ली नव्हती, ती मी घातली. आमचे प्रमुख भूपेश सर यांना मी नकाशा दाखवला आणि म्हटलं, सर, जुन्या वस्तीतली एवढी सरळ गल्ली तुम्हाला दुसरीकडे सापडणार नाही. ती सरळ का आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मारुतीच्या देवळापासून कडुनिंबापर्यंत सुताचे ताणे पसरून त्यांना खळ लावायची, पाजणी करायची, म्हणून आपल्या विणकर आजोबांच्या पिढीने घरं ओळीत बांधली, हे मी सांगितलं तेव्हा सरांनी पेन खाली ठेवलं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

देवळापुढे सभा झाली. तुझे बाबा, देवरावकाका, सगळ्यांसमोर बोलले, ते माझ्या वहीत आहे. "पहिले पाजणीच्या वेळी सायकलवालाही खाली उतरून जाये. सूत तुटन म्हनून. गाडीले मनाई हे आपल्याले नवीन नाई गा." त्यावर कौशल्याबाई म्हणाल्या, "तवा सूत होतं देवरावभाऊ, आता टेंपो हाये. टेंपोले का तुम्ही खळ लावनार?" सगळे हसले. काकाही हसले.

मार्चच्या शेवटी दोन्ही तोंडांशी लोखंडी खांब बसले. पुढचे दीड-दोन महिने गल्ली खरंच चांगली होती, दामिनी. मुलं रस्त्यावर खेळायची. काकू संध्याकाळी दारापुढे, अगदी गल्लीच्या मधोमध, खुर्ची टाकून गहू निवडायच्या. हे मी उगाच लिहीत नाही.

२१ मे रोजी दुपारी मी प्रतापनगरच्या ऑफिसात होते. काकांच्या छातीत दुखतंय असा फोन आला तशी निघाले. पोचले तोवर उशीर झाला होता.

त्या दुपारबद्दल संस्थेचा अहवाल तयार होतो आहे. त्यात काय आहे ते तुला कळवीन.

तुझी,
मयुरी

---

नागपूर, १८ जून

दामिनी,

माझं पत्र तू वाचलंस, फाडलं नाहीस, असं काकू म्हणाल्या. हर्षितभावजींनी फोनवर सांगितलं म्हणे. मी त्यांना काही विचारलं नव्हतं. मला पाहून त्या स्वतःच दारातून बोलल्या आणि आत गेल्या.

अहवालाचा मसुदा काल हातात आला. चौथ्या पानावर हे आहे: "मधला खांब आणीबाणीच्या वाहनांसाठी कुलूप काढून खाली घेता येतो. त्याच्या दोन्ही चाव्या २ एप्रिल रोजी गल्ली समितीचे अध्यक्ष श्री. देवराव सोनकुसरे यांच्या ताब्यात देण्यात आल्या. पावती सोबत जोडली आहे. घटनेच्या वेळी अध्यक्ष स्वतःच अत्यवस्थ असल्याने चाव्या उपलब्ध होऊ शकल्या नाहीत."

म्हणजे काकांच्या मरणाला काकाच जबाबदार.

मी भूपेश सरांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे तुला पटणार नाही तरी लिहिते. स्वतः रोज सायकलने येतात. ते म्हणाले, "मयुरी, यात खोटं काय आहे? पावती आहे, सही आहे. सही त्यांचीच आहे ना?"

सही त्यांचीच आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मागच्या पत्रात मी उत्तर देता येत नाही असं लिहिलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

प्रत्येक गल्लीत लोकसहभाग दाखवावा लागतो. तीन सभा, निम्म्याहून जास्त घरांच्या सह्या, सात जणांची समिती, तिचा अध्यक्ष, ठराव, चाव्यांची पावती. सगळ्या सह्या मार्चच्या आत. आपल्या गल्लीत खरी सभा एकच झाली, ती मी मागच्या पत्रात सांगितली. दुसऱ्या सभेला चार बायका आणि ताराचंदकाका आले. तिसरी झालीच नाही. सर विचारायचे, तुझीच गल्ली ना, मग अडतंय कुठे?

म्हणून मी एका रविवारी सगळे कागद घेऊन घरोघर गेले. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या शेवटच्या प्रकल्पासाठीही अशीच फिरले होते, तुला आठवत असेल. तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घराने सही दिली होती, कोणी काय लिहिलंय ते विचारलं नव्हतं. आपल्या गल्लीत पहिली पोट्टी ग्रॅज्युएट होते आहे, तिला कागद लागतो, द्या. निकालाच्या दिवशी काकांनी संत्रा बर्फी आणली आणि डबा हातात धरून ते अख्खी गल्ली फिरले. माझ्या बाबांना ते सुचलं नव्हतं.

या वेळीही सगळ्यांना तसंच वाटलं. रुपरावआजोबांनी तर सही करता करता विचारलं, "अजून किती वर्षं शिकनार वं तू?" मी हसले. ही नोकरी आहे, या सह्यांनी गल्ली बंद होणार आहे, असं मी त्यांना सांगितलं नाही. सभेत सगळं सांगून झालंय, असं मी स्वतःला समजावलं होतं.

काका ओट्यावर होते. चष्मा आत होता. त्यांनी काकूंना हाक मारली, "चष्मा आन वं जरा." मला अजून अकरा घरं बाकी होती. मी म्हटलं, "काका, राहू द्या, नुसत्या सह्याच आहेत." ठराव, अध्यक्षपद, पावती असे तीन कागद एकावर एक दुमडून, फक्त सहीची ओळ दिसेल असे, मी त्यांच्यापुढे पॅडवर धरले. त्यांनी विचारलं, "पास होशीन ना?" मी म्हटलं, "होते काका."

काकू चष्मा घेऊन आल्या तेव्हा मी पुढच्या दारात होते.

आपण अध्यक्ष आहोत हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पावतीवर तारीख मी नंतर टाकली. चाव्या त्यांना कधी दिल्याच नाहीत. त्या पर्यावरण दिनाला, ५ जूनला, छोटा कार्यक्रम करून द्यायच्या होत्या. फोटो हवा होता, सरांना आणि मलाही. कापडी फलकावर काय लिहायचं तेही मी ठरवलं होतं. तोवर चाव्या माझ्या टेबलाच्या खणात होत्या.

त्या दिवशीही तिथेच होत्या.

कौशल्याबाईंना मी परवा नळावर भेटले. "काय मॅडम, आज कोनाची सही?" म्हणाल्या. आसपासच्या बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मयुरी

---

नागपूर, २७ जून

दामिनी,

अजून एक गोष्ट राहिली आहे. ती मी कोणालाच सांगितलेली नाही. बाबांना माहीत आहे, पण ते माझ्याशी त्यावर बोलत नाहीत.

त्या दिवशी पहिला फोन बाबांचाच आला. पावणेदोन वाजले होते. "देवरावले काहीतरी झालं वं. अॅम्ब्युलन्सवाले देवळापाशी येऊन उभे हायेत, खांब निघत नाई. चाबी कोनाकडं हाये?"

मी म्हटलं, "माझ्याकडे आहे. थांबा, मी आणते."

प्रतापनगरहून आपल्या गल्लीत यायला किती वेळ लागतो हे मला चांगलं माहीत आहे. तीन वर्षं रोज जाते. मोकळ्या रस्त्याने पंचवीस मिनिटं, आणि सीताबर्डी कधीच मोकळी नसते. तरी माझ्या तोंडातून तेच निघालं. त्या क्षणी मला काका दिसले नाहीत. चावी माझ्याकडेच राहिली आहे हे आता सगळ्यांना कळणार, एवढंच डोक्यात आलं. त्याआधी पोचले तर कोणी विचारणार नाही, असं वाटलं.

अॅम्ब्युलन्सच्या माणसांनी स्ट्रेचर बाहेर काढलं होतं. चारशे पावलं नेऊन चारशे पावलं आणायला त्यांना दहा-बारा मिनिटं लागली असती. बाबांनी त्यांना थांबवलं. "एवढ्या उन्हात त्याले काहून उघड्यावर नेता? मायी पोट्टी चाबी घेऊन येऊन राहिली ना. गाडी दारातच लावू, आत थंड तरी हाये." तुझ्या आईला धीर यावा म्हणून ते दोनदा सांगून आले, मयुरी निघाली, मयुरी निघाली. गल्ली माझी वाट पाहत उभी राहिली. पंचेचाळीस डिग्रीत कोणी देवळाच्या सावलीतही गेलं नाही.

ताराचंदकाकांनी शेवटी दगडाने कुलूप फोडायला घेतलं. ते लोखंडी पेटीच्या आत बसवलंय, कोणी फोडू नये म्हणूनच. मग स्ट्रेचरची वाट न पाहता बाजेसकटच काकांना उचललं. मी मोपेड टाकून चावी हातात धरून पळत आले, तेव्हा गाडीचं दार लागत होतं. सव्वादोन वाजून गेले होते.

डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

लोक म्हणतात अॅम्ब्युलन्सला वेळ लागला. अहवाल म्हणतो, नातेवाईक आणि रहिवाशांच्या निर्णयात वेळ गेला. काहींच्या तोंडी माझ्या बाबांचं नाव आहे, बबनरावनेच थांबवलं म्हणे. बाबा ऐकून घेतात. परवा पानठेल्यावर कोणीतरी तोंडावर बोललं, तर म्हणाले, "हो गा, म्यांच थांबवलं." घरी येऊन जेवले नाहीत.

मी एका शब्दात त्यांना सोडवू शकले असते. सदतीस दिवस झाले.

मयुरी

---

नागपूर, ४ जुलै

दामिनी,

सोमवारी सरांनी बोलावलं. काकांच्या मृत्यूची सरकारी चौकशी लागली आहे, तिच्या अधिकाऱ्यांपुढे माझा जबाब होणार होता. सरांनी दोन ओळी टाइप करून ठेवल्या होत्या. "चाव्या समितीच्या अध्यक्षांकडे दिल्या होत्या. त्या नंतर कुठे गेल्या याची मला माहिती नाही."

मी म्हटलं, "सर, चाव्या माझ्या खणात होत्या. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी मग नकाशा उलगडला, तोच, बारा गल्ल्यांचा. "ही बघ, शाळेची गल्ली. इथे मागच्या वर्षी दुसरीतली मुलगी ट्रकखाली गेली. सप्टेंबरमध्ये इथे खांब बसणार आहेत. पहिल्याच गल्लीचा लोकसहभाग खोटा ठरला, तर कोण पैसा देईल? कोण परवानगी देईल? देवराव गेले, त्यांना काही फरक पडत नाही. त्या मुलीच्या पाठच्या मुलांना पडतो."

ते खरं बोलत होते. शाळेच्या गल्लीचं सर्वेक्षण मीच केलं आहे, त्या मुलीच्या आईच्या घरी मी चहा प्यायले आहे. मी एवढंच विचारलं, "त्या गल्लीतल्या सह्या कोणी घेतल्या, सर?"

सर म्हणाले, "तूच."

तशाच घेतल्या होत्या. ओट्यावर, दुमडून.

मंगळवारी मी तुमच्या घरी गेले. चार पानं लिहून नेली होती. काकू तांदूळ पाखडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मी दारात उभी राहून वाचायला लागले. पहिलं पान झालं तेव्हा त्यांनी सूप थांबवलं. "थांबा, मी आणते" या जागी मी थांबले. त्या म्हणाल्या, "वाच. थांबू नको आता."

मी सगळं वाचलं.

त्या म्हणाल्या, "बबनभाऊले लोक काय काय बोलून राहिले. म्या पन बोलली. त्याच्या तोंडावर बोलली, माया नवरा तू मारला म्हनून. तो उभा राहून आयकत होता. अन् तू घरात बसली होती."

"हो काकू."

"हे वाचून तुले हलकं वाटत असन. मले नाई वाटत."

मी म्हटलं, मला पण वाटत नाही.

"मंग काहून लिहिलं?"

मी सांगितलं की अहवाल पक्का झाला, तर काकांनी चाव्या घेतल्या आणि सांभाळल्या नाहीत असं कायमचं लिहिलं जाईल. ते लोक तोच कागद दुसऱ्या गल्ल्यांमध्ये दाखवतील. चावी नीट ठेवा, नाहीतर त्या देवरावसारखं होईल, असं शिकवतील. शिकवण्याचं काम माझंच होतं.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. आत गेल्या. मला वाटलं, दार लावतील. बाहेर आल्या तेव्हा पायात चप्पल होती. "चाल. हे गल्लीले आयकू दे. मले एकटीले सांगून काय होते?"

देवळापुढे, जिथे सभा झाली होती, तिथेच मी दुसऱ्यांदा वाचलं. संध्याकाळची वेळ होती. पहिल्या सभेपेक्षा दुप्पट लोक आले. कौशल्याबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "मंग आमच्या सह्या कशावर हाये वं? आमाले बी काई बनवलं का तू?" मी यादी वाचली. कोण सदस्य, कोण सचिव. ताराचंदकाका सचिव आहेत. ते म्हणाले, "सचिव? मी? मले तर घरात कोनी इचारत नाई." कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. रुपरावआजोबा एवढंच म्हणाले, "आमाले वाटलं, पोट्टी शिकून राहिली." ते रागावून बोलले असते तर मला उभं राहता आलं असतं. मी देवळाच्या पायरीवर बसले आणि उरलेलं बसून वाचलं.

बाबा गर्दीच्या मागे होते. वाचून झाल्यावर काकू त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मग काकू घरी गेल्या. बाबा त्या रात्री जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. आजही नाहीत. आई म्हणते, बोलतील. मला ते दिसत नाही.

खांब काढायचे की ठेवायचे, यावर गल्लीत भांडण सुरू आहे. अर्धी गल्ली म्हणते उपटून टाका, अर्धी म्हणते कुलूप काढा आणि खांब राहू द्या, पोरं खेळतात. या वेळी त्यांनी मला बोलावलं नाही. बरोबर केलं.

शाळेच्या गल्लीतही मी बुधवारी जाऊन आले. त्या मुलीच्या आईला सांगितलं की तुमच्या सह्या मी फसवून घेतल्या, त्या आता चालणार नाहीत, काम थांबेल. तिने विचारलं, "मग तिथे खांब लागणार नाहीत?" मी म्हटलं, सप्टेंबरमध्ये नाही लागणार, पुढचं मला सांगता येत नाही. तिने माझ्या तोंडावर दार लावलं. हे तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. एकाच्या नावावरचा डाग पुसताना हेही झालं आहे.

नोकरी मी सोडली नाही. त्यांनी काढलं तर काढतील. राजीनामा देऊन चौकशीतून बाहेर पडता येईल, असं सरांनीच सुचवलं होतं, म्हणून दिला नाही.

काल, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता चौकशी अधिकाऱ्यांपुढे माझा जबाब झाला. सरांनी टाइप केलेल्या दोन ओळी मी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि माझी चार पानं दिली. त्यांनी विचारलं, याचे परिणाम कळतात का? मी हो म्हटलं. तिथून पोलीस ठाण्यात गेले आणि तिथेही एक प्रत दिली. तिथल्या बाईंनी दोनदा वाचून विचारलं, वकील आहे का सोबत? नव्हता. दोन्ही चाव्या मी त्यांच्याकडे जमा केल्या आणि त्यांनी पंचनाम्यात तसं लिहून घेतलं: मयुरी बबनराव हिच्या ताब्यातून.

जबाबात तुझ्या बाबांचं नाव एका ठिकाणी येतं. "श्री. देवराव सोनकुसरे यांना अध्यक्ष केल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं आणि चाव्या त्यांना कधीही दिल्या नव्हत्या." माझ्या बाबांचं नावही एकदाच आहे. "त्यांनी अॅम्ब्युलन्स थांबवली ती माझ्या सांगण्यावरून." त्या दोन वाक्यांखाली अधिकाऱ्यांनी माझी वेगळी सही घेतली. मी केली.

मयुरी